पेत्राच्या चेहऱ्यावरचा अंधार

आम्ही वसईचे ख्रिस्ती, नोकरीसाठी आखातात आलेले. इथल्या चर्चच्या सभागृहासाठी कमिटीने मला चित्र काढायला सांगितलं: येशूला पकडल्यावर त्याला ओळखत नाही म्हणणारा त्याचाच शिष्य पेत्र. शेकोटीपाशी मोलकरीण दिवा धरून विचारते, ‘तूही त्यांच्यातलाच ना?’ आणि तो नाही म्हणतो.

मी युरोपातल्या जुन्या बरोक चित्रकारांच्या पद्धतीने काढलं. आधी सगळा कॅनव्हास गडद तपकिरी. सावली इतकी पातळ, की खालचा तपकिरी तिच्यातून दिसत राहावा. उजेड मात्र जाड पांढऱ्याचा, मोलकरणीने ज्योतीपुढे धरलेल्या बोटांवर. पेत्राचा अर्धा चेहरा अंधारात. खोटं बोलणाऱ्याने तोंड लपवायचंच असतं.

चित्र टांगलं. कमिटीने त्यावर चार स्पॉटलाइट सोडले. व्हार्निश चमकलं आणि अंधारात कमिटीला स्वतःचीच तोंडं दिसली. एवढं होऊनही कोणाला काही उमगलं नाही.

“लाइट बंद करा, थोडं थांबा. डोळे सरावले की दिसेल,” मी म्हणालो.

“अरे बाबा, लाइट बंद केले तर फोटो कसा येणार?” अध्यक्ष म्हणाले. जबल अली बंदरात मॅनेजर आहेत, गोदामात एकही कोपरा अंधारा ठेवत नाहीत. “संत आहे तो, चोर नाही. फेस ब्राइट कर. तुझी ती हॉटेलातली चित्रं बघ, कसं सगळं क्लियर दिसतं.”

मला त्यांची कीव करायची होती, पण हॉटेलातली चित्रं माझीच. अल क्वोजच्या कारखान्यांच्या वस्तीत, एका शेडमध्ये मी जुन्या संतांचे छापील कॅनव्हास घेतो आणि हाताने रंगवल्यासारखे दिसावेत म्हणून वरून पारदर्शक जेल फिरवतो. उजेडावर जेवढं, तेवढंच सावलीवर. ही नजर मीच त्यांना दिली होती.

“हा अंधार मुद्दाम आहे,” एवढं तरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, “सावली जरा जास्तच झाली, अंकल.”

“मग यल्ला, चल, रविवारच्या आत करून टाक.”

केलं. सावलीत जाड पांढरा भरला. फोटो उत्तम आले. पेत्राला आता लाज वाटत नाही; सर्दी झाल्यासारखा दिसतो. मिस्साची प्रार्थना संपली की सगळे त्याच्याखाली उभे राहून समोसे खातात. मी पार मागे, दाराजवळ बसतो. तिथूनही त्याचा चेहरा स्वच्छ दिसतो.