टायरवाली शरयू खानझोडे

शरयू खानझोडेला दोन प्रकारच्या माणसांचा मनापासून तिटकारा होता. टायर पार गुळगुळीत झाले तरी 'अजून एक हिवाळा निघेल' म्हणणारे, आणि टायर कसे दिसतात यावरून ते घेणारे. पहिल्यांची तिला निदान कीव यायची. दुसऱ्यांची तीही नाही.

अमेरिकेतल्या नॉर्थ बेंड गावात एका टायरच्या दुकानाची ती मॅनेजर होती. रेडमंडहून पूर्वेला अर्धा-पाऊण तास आलं की सपाटी संपते आणि रस्ता डोंगरातल्या खिंडीकडे चढू लागतो. खाली नुसता पाऊस असतो, तेव्हा वर बर्फ. त्यामुळे दुकानाला गिऱ्हाइकांची ददात नव्हती.

नागपूरच्या पॉलिटेक्निकमधून तिने ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला होता. लग्न करून अमेरिकेत आली तेव्हा तिच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. सहा वर्षं तिने नवऱ्याच्या मित्रांना पोळ्या वाढल्या आणि त्यांच्या ग्रीन कार्डाच्या गप्पा ऐकल्या. परवानगी हातात आली त्याच आठवड्यात ती या दुकानात बिलं बनवायला लागली.

"लोकांना काय सांगू मी? बायको टायर विकते?" अतुलने, तिच्या नवऱ्याने, विचारलं होतं.

"पंक्चर काढते सांग. लवकर समजेल."

दोन वर्षांनी अतुल दूरच्या फ्रीमाँट शहरात नव्या नोकरीवर गेला आणि तिकडेच राहिला. रडारड फारशी झाली नाही. शरयूचा एक डबा कमी झाला, इतकंच. रेडमंडच्या मराठी मंडळातल्या बायका मात्र तिची ओळख करून देताना अजूनही अडखळत. "ही शरयू, ऑटोमोटिव्हमध्ये असते." मग शरयू शांतपणे सांगायची, "टायरच्या दुकानात." समोरचीचा चेहरा कसा होतो ते बघायला तिला आवडायचं.

एका ऑक्टोबरात राजीव आला. पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, मंडळाच्या कमिटीवरचा. त्याने नवा ट्रक घेतला होता. ट्रक म्हणजे मागे उघडा हौदा असलेली पिकअप, पण इतकी उंच की राजीवला चढताना दारावरचं हँडल धरून लोंबकळावं लागे. त्या हौद्यात आजवर चढलेलं सर्वांत अवजड सामान म्हणजे टेबल टेनिसचं टेबल.

"शरयूताई, मी सगळा रिसर्च केलाय," म्हणत त्याने काउंटरवर लॅपटॉप उघडला. एकोणीस टायर, रंगीत रकाने.

"बरं. हिवाळ्यात खिंडीपलीकडे किती वेळा जातोस?"

"तीन-चारदा. मजा करायला."

"हौद्यात वजन असतं?"

"तसं नाही, पण हे बघा ना." त्याने भिंतीवरच्या एका टायरकडे बोट केलं. त्याच्या रबराचे ठोकळे मुठीएवढे होते. "एकदम अग्रेसिव्ह!"

"ते चिखलाचे आहेत. तुझ्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये चिखल असतो का?"

"त्यावर एम प्लस एस लिहिलंय. मड अँड स्नो."

शरयूने श्वास घेतला. हे ती दिवसातून दहादा सांगायची. "त्या अक्षरांचा अर्थ एवढाच की खाचा मोठ्या आहेत. बर्फावर तपासलेल्या टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण कोरलेला असतो. तो बघायचा. थंडीत साध्या टायरचं रबर लाकडासारखं होतं. विंटर टायरचं मऊ राहतं, पण तेच उन्हाळ्यात भराभर झिजतं. रोज खिंड ओलांडणाऱ्याने दोन सेट ठेवावेत. तुला वर्षभर एकच हवाय, तर हिमकणवाला ऑल-वेदर घे. ऑल-सीझन नव्हे. नाव सारखं वाटतं, माल वेगळा."

"पण फोर व्हील ड्राइव्ह आहे ना, यार!"

"ते गाडी पुढे न्यायला. थांबवायला नाही."

राजीव तिच्याकडे बघून हसला, लहान मुलाकडे बघून हसतात तसा. मग वळून मागे चाक खोलत बसलेल्या डेलला, दुकानातल्या मेकॅनिकला, त्याने इंग्रजीत विचारलं, तुला काय वाटतं? डेलने मानही वर केली नाही. "तिला विचार," म्हणाला.

राजीवने ते मुठीएवढ्या ठोकळ्यांचे टायर दुसरीकडे बसवून घेतले. चार दिवसांनी मंडळाच्या ग्रुपवर त्याचा लांबलचक मेसेज आला, 'हिवाळ्यासाठी टायर कसे निवडावेत'. एम प्लस एस असलं की कसं पुरतं, यावर अख्खा परिच्छेद होता. खाली अठ्ठावन्न अंगठे उमटले. शरयूने दोन ओळी उत्तर लिहिलं, मग खोडलं. ज्यांना राजीवकडून शिकायचं होतं त्यांना तिने शिकू दिलं.

जानेवारीत मंडळाची बर्फाची सहल निघाली. खिंडीपलीकडे क्ले एलम गावाजवळ एक मोठं घर भाड्याने घेतलं होतं. शरयूला आमंत्रण आलं, कारण मसालेभाताची दोन मोठी पातेली न्यायला ट्रक हवा होता आणि राजीवला आपल्या नव्या हौद्यात तेलाचे डाग नको होते. तिचा ट्रक सतरा वर्षांचा. एका दारावर गंज, खाली विंटर टायर.

रविवारी सकाळी नऊ गाड्यांची रांग निघाली. सर्वांत पुढे अर्थातच राजीव, सोबत बायको हिमानी आणि महिन्यापूर्वी ठाण्याहून आलेली सासू, वीणाकाकू. त्याच्यामागे भरपूर अंतर ठेवून शरयू. बाकीचे तिच्या सावकाशीला कंटाळून मागे हॉर्न वाजवत होते.

खिंड ओलांडून उतार लागला. रस्त्यावरचा बर्फ चाकांखाली दाबून फरशीसारखा झाला होता. पुढच्या वळणावर राजीवच्या ट्रकचे ब्रेकचे लाल दिवे लागले. ट्रक मात्र थांबला नाही, वळलाही नाही. सरळ गेला आणि कडेच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून तिरका उभा राहिला.

पहिल्या क्षणी शरयूला आनंद झाला. हे तिने नंतरही कधी नाकारलं नाही. दुसऱ्या क्षणी तिला मागच्या काचेत वीणाकाकूंचा पांढरा अंबाडा दिसला. तिने ब्रेक दाबला, ट्रक थांबवला, आणि धावत गेली.

कोणाला काही झालं नव्हतं. हिमानी आईचा हात घट्ट धरून बसली होती. राजीव बाहेर उभा राहून मागून येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "ब्लॅक आइस! दिसतच नाही तो बर्फ. कोणाचीही गाडी गेली असती."

"मी त्याच बर्फावर थांबवली," शरयू म्हणाली.

राजीवने ऐकू न आल्यासारखं केलं आणि फोनवर टोइंगवाल्याला शोधू लागला. बाकीचे फोटो काढत होते. वीणाकाकू लेकीचा हात सोडवून खाली उतरल्या, स्वेटर नीट केला आणि म्हणाल्या, "राजीवराव, तुमच्या गाडीत मी काही आता बसायची नाही." मग त्या शरयूच्या ट्रकमध्ये, मांडीवर कोशिंबिरीचा डबा घेऊन, बसल्या.

थोडं पुढे गेल्यावर त्या म्हणाल्या, "तुझे टायर दिसायला अगदी साधे आहेत गं."

"हो काकू. दिसायला ठेवलेच नाहीत."

त्या आठवड्यात मंडळातल्या आठ गाड्या दुकानात आल्या. कालपर्यंत 'ऑटोमोटिव्हमध्ये असते' म्हणणाऱ्या आता 'शरयूताई, आपल्या माणसांना जरा आधी घ्या ना' म्हणू लागल्या. शरयूने त्यांना नंबर दिले आणि बाकड्याकडे बोट दाखवलं. आपली माणसं म्हणे.

शनिवारी ट्रक घेऊन हिमानी आली. राजीव समोरच्या कॅफेत बसला होता. आत यायला त्याला 'एक कॉल' होता. हिमानी शाळेत गणित शिकवायची. तिने लॅपटॉप आणला नव्हता. टायरसमोर उकिडवी बसून तिने नख खाचेत घातलं.

"पुढचे दोनच बदलले तर?"

"वळणावर मागचा भाग फिरेल. चारही एकसारखे हवेत."

"आणि हे संपले कधी समजायचं? मला आकडा सांगा."

शरयूने तिला खाचेची खोली मोजायची छोटी पट्टी दिली, कुठे लावायची ते दाखवलं आणि आकडे सांगितले: बर्फात किती उरायला हवं, पावसात किती. हिमानीने ते हातावर पेनाने लिहिले. मग भिंतीजवळ जाऊन एकेका टायरची बाजू बघत, हिमकण शोधत, स्वतःच एक ऑल-वेदर निवडला. शरयूने निवडला असता तोच. बऱ्याच दिवसांनी शरयूने एका गिऱ्हाइकाला आपल्या थर्मासमधला चहा दिला.

काम झाल्यावर राजीव आला. "जुने ठेवून घेऊ या, उन्हाळ्यात लावू. लुक चांगला आहे."

"विकून टाक," हिमानी म्हणाली. "आणि चावी दे."

ती चालकाच्या जागेवर चढली. राजीव शेजारी बसला आणि पट्टा लावायच्या आत तिला क्लच नसलेल्या गाडीत ब्रेक कसा दाबायचा ते समजावू लागला. हिमानीने काच वर केली. शरयूने यादीतलं पुढचं नाव पुकारलं.