दे! सोड!

गल्लीत त्यांचं खरं नाव विचारलंत तर पोस्टमनसुद्धा डोकं खाजवेल. बारातेरा काका म्हणा, शेंबडं पोरही हात धरून घरापर्यंत सोडेल. कारण सोपं. बारा-तेराचा पाना सदानकदा शर्टाच्या खिशात. कुणाच्या लग्नाला जायचं म्हणून काकूंनी तो काढून कपाटात ठेवला, तर जेवणाच्या पंगतीत हा माणूस पॅन्टच्या खिशातून दुसरा काढून दाखवायचा आणि वर हसायचा. आता अशा माणसाला काय म्हणायचं सांगा!

या सगळ्याच्या मुळाशी होती ती पिकअप. आधीच्या मालकाने कंटाळून टाकून दिलेली. निळी होती म्हणतात. आम्ही पाहिली तेव्हा रंग सांगणं कठीण होतं. डावं दार बाहेरून उघडायचं नाही, त्याला काका 'चोरांची गैरसोय' म्हणायचे. काकूंच्या चांगल्या चादरीवर अख्खं इंजिन खोलून त्यांनी ती अंगणात पुन्हा उभी केली, आणि त्या दिवसापासून दुसऱ्या कुणाला तिला हात लावू दिला नाही. सुताराच्या कारखान्यातली कपाटं, पलंग, सोफे घरोघर पोचवत त्यांनी त्या गाडीवर संसार केला. चादरीचे डाग मात्र गेले नाहीत. त्यावरून काकांचा उद्धार अजून होतो.

रविवारी सकाळी गाडीची तपासणी. काकू ड्रायव्हरच्या जागेवर, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. काका बॉनेटमध्ये कमरेपर्यंत आत. हातात एक लांबलचक स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक इंजिनवर टेकवायचं आणि लाकडी मूठ कानाला लावायची. आतला आजार म्हणे मुठीतून कानात येतो.

"दे!" काका ओरडायचे. काकू पाय दाबायच्या.

"सोड!" काकू पाय उचलायच्या.

नवरा-बायकोत अबोला असला तरी एवढे दोन शब्द त्यातून वगळलेले होते. आणि इतकी वर्षं त्या सीटवर बसून, कुणी न शिकवता, काकूंचाही कान तयार झाला होता. हे काकांना ठाऊक नव्हतं. काकूंनीही कधी सांगितलं नव्हतं.

तर अलीकडे काका भलतेच खुशीत होते. "अगं, नवं ऑइल काय मानवलंय हिला! इतकी शांत ही कधीच नव्हती."

शांत? अहो, सकाळी गाडी सुरू झाली की पुढून अशी किंचाळायची की कुंपणावरचे कावळे उडायचे. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या मेस्त्रीने काकूंना रस्त्यात थांबवून सांगितलं, "काकू, पुढे काहीतरी जातंय. काकांना सांगा, मी सांगितलं तर अंगावर येतील." काकू "सांगते" म्हणाल्या, आणि सांगितलं नाही.

कसं सांगणार? प्रश्न एकट्या गाडीचा असता तर काकूंनी भर रस्त्यात ऐकवलं असतं. पण दाराची घंटा वाजली तरी काका पेपर वाचत बसायचे. चहाचं पाणी उतू गेलं, किटलीची शिट्टी वाजून वाजून थकली, यांना पत्ता नाही. ट्रकचा भोंगा, दार आपटणं, हे जाड आवाज बरोबर ऐकू यायचे. बारीक आवाज तेवढे गळून गेले होते. काकूंचा आवाज मुळात जाडाभरडा, लग्नानंतर सासूने त्यावरून पुष्कळ टोमणे मारलेले. त्याच आवाजामुळे घरात सगळं सुरळीत चाललंय असं काकांना वाटत होतं. ज्या माणसाने जन्मभर स्वतःच्या कानाचा तोरा मिरवला, त्याला 'तुमचा कान गेला' म्हणायचं, म्हणजे खिशातला पाना काढून घेण्यासारखंच. काकूंची जीभ रेटत नव्हती.

आणि लेकीचा आवाज? तो तर लहानपणापासून नाजूक. तिला डोंगरावरच्या गावात दवाखान्यात नोकरी लागली होती. ती फोन करायची, काका दोनदा "हॅलो, हॅलो" करायचे आणि फोन ठेवून द्यायचे.

"पोरगी बदलली बघ," ते काकूंना म्हणायचे. "फोन करते आणि हूं नाही की चूं नाही. नोकरी लागली, आता बाप कशाला हवा!" बोलताना हसायचे, पण लागलेलं असायचं.

मग लेक आईच्या फोनवर रडकुंडीला यायची. "बाबा चिडलेत का गं माझ्यावर? मी बोलत असतानाच ठेवून देतात." काकू म्हणायच्या, "गाडीच्या नादात असतात गं ते." दोन्हीकडे थापा मारून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता.

अशात लेकीला तिथे खोली मिळाली. पलंग, कपाट, खोकी, सगळं घाट चढून न्यायचं. तिने टेम्पो ठरवते म्हणून निरोप पाठवला, तर काका उसळले. "माझ्या लेकीचं सामान परक्याच्या गाडीतून? मग ही काय शोभेला ठेवलीय?" सोमवारी निघायचं ठरलं. भरलेली गाडी, चढाचा रस्ता, आणि पुढून ती किंकाळी.

रविवार उजाडला. काका बॉनेटमध्ये, काकू सीटवर.

"दे!"

काकूंनी पाय दाबला. गाडी अशी कोकलली की समोरच्या घराची खिडकी आपटून बंद झाली.

"वा! काही म्हणजे काही नाही. सोड!"

काकूंनी पाय उचलला नाही.

"सोड! अगं, सोड म्हटलं ना!"

काकूंनी किल्लीच फिरवली. इंजिन बंद झालं. त्या खाली उतरल्या.

"ही ओरडतेय," काकू म्हणाल्या. "पुढून. आज नाही, कधीची. सगळ्या गल्लीला ऐकू येतंय. तुम्हाला येत नाहीये."

"म्हणजे मी बहिरा?" काकांनी हातातलं फडकं भिरकावलं. "हिच्या पोटातला एकेक नट मी ओळखतो आणि तू मला शिकवतेस? पाय दाबायचं काम ते तुझं!"

"हो, पाय दाबायचंच! इतकी वर्षं तोच आवाज मीही ऐकलाय!" काकूंचा आवाज फाटला. "रेडिएटरमध्ये रोज पाणी का भरावं लागतं, सांगा ना!"

"उन्हाने कमी होतं."

"आणि ढगाळ दिवशी?"

काका पुन्हा बॉनेटमध्ये वाकले आणि पंख्याचं पातं धरून पुढे-मागे हलवलं. पंखा मुळापासून डुगडुगला. खिशातला बारा-तेरा काढून त्यांनी पट्टा सैल केला, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाची पुली बोटांनी फिरवली. आत वाळू भरल्यासारखी ती अडकत फिरली. पंपाखाली ओघळून सुकलेल्या पाण्याचा पांढरा डाग होता.

"पंपाचं बेअरिंग," ते खालच्या आवाजात म्हणाले. "घाटात पाणी फिरायचं थांबलं असतं. इंजिन तापून जागीच बसलं असतं." आणि थोड्या वेळाने, "हे किंचाळल्याशिवाय राहत नाही. लांबून ऐकू येतं."

काकूंना वाटलं, आपण बोललो नसतो तर बरं झालं असतं. पण पुली अजून काकांच्या बोटांत होती आणि ती खोटं बोलत नव्हती.

पंप आणला, बसवला. जेवणं राहिली. पाणी भरून झाल्यावर काकांनी सवयीने स्क्रूड्रायव्हर उचलला, मूठ कानापाशी नेली आणि मध्येच थांबले. मग तो काकूंच्या हातात दिला.

"तू ऐक," म्हणाले. "मी वर बसतो."

काकूंनी पदर खोचला, टोक पंपावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. लाज वाटत होती. तरी ओरडल्या, "दे!"

तो आवाज काकांना ऐकू आला. इंजिन घुमलं.

"खरखर?" काकांनी खिडकीतून विचारलं.

"नाही!"

"शिट्टी?"

"नाही! सोड!" काकू पाना फिरवावा तशी मान वळवून पुन्हा ऐकू लागल्या. "अहो, पण डावीकडे वरती एक टिकटिक आहे."

काकांचा चेहरा उजळला. "ती आहे ना अजून? असू दे, असू दे! ती जुनीच आहे."

तेवढ्यात डॅशबोर्डवरच्या फोनचा दिवा लागला. लेक. काकांनी उचलला, दोनदा हॅलो म्हणाले. नेहमीसारखं काहीच नाही. अंगठा बटणापर्यंत गेला. तिथेच थांबला. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"ही... बोलतेय का?"

काकूंनी कान लावला. "बोलतेय. उद्या किती वाजता निघताय विचारतेय."

"म्हणजे इतके दिवस..."

"बोलतच होती. तुम्ही ठेवेपर्यंत."

काकांनी तो फोन दोन्ही हातांनी धरला. डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"बाळा," ते गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "मला तुझं ऐकू येत नाही गं. तू बोल. आई सांगते मला. मी फोन ठेवणार नाही."

काकू गाडीच्या पायरीवर चढल्या, फोनला कान लावून उभ्या राहिल्या आणि लेकीचं एकेक वाक्य आपल्या जाड आवाजात काकांना सांगू लागल्या.