मोगरीची पाठ

"आदी तिले पानी पिऊ दे, मंग मन्हाशी बोल." मडकं घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ती कुंभारीण पहिलं हेच ऐकवायची. 'तिले' म्हणजे मोगरीला, तिच्या गाढवीला. गिऱ्हाईक हसायचं, पण थांबायचं.

खापर गावात तिच्या अंगणासमोर माझं शिवणकामाचं दुकान होतं. इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. बाईनं चाकाला हात लावू नये, असं तिच्या भाऊबंदांचं म्हणणं. नवरा गेल्यावर तिनं लावला. ते रागावले, तर तिनं त्यांनाही दोन गाडगी विकली.

तुम्ही पाठ सोललेली, पुढचे पाय बांधलेली गाढवं पाहिली असतील. तिची तशी नव्हती. माझ्याकडच्या चिंध्या नेऊन ती मातीच्या गोणीखाली घालायला मऊ गादी शिवायची. संध्याकाळी एकेक खूर मांडीवर घेऊन खडे काढायची. गाभण गाढवीवर ओंजळभर मातीही लादायची नाही. तिच्या सासऱ्याच्या काळी गुजरातचं मीठ गाढवांवरूनच यायचं. "मीठ यास्नी आनं, आनि शिव्या बी यास्लेच!" म्हणायची.

मोगरी कधी रस्त्यात अडली, तर तिला मारणाऱ्याचा हात ती धरायची. "हट नही शे तो. तिले पुढे काही तरी दिसनं."

एका सुगीत डोंगरातून कामाला आलेल्या एका तरुण बाईवर खळ्यातली ज्वारी चोरल्याचा आळ आला. तिचं तोंड काळं करून गाढवावरून धिंड काढायची, असं पाटलानं ठरवलं. त्याची दोन माणसं मोगरीला न्यायला आली. मी यंत्र थांबवून बाहेर आलो.

"देस नही," कुंभारीण म्हणाली.

"मावशी, पाटलाचा हुकूम आहे."

"चोरी करी व्हई तं फौजदारले सांगा. मन्ही मोगरीनी पाठ मातीसाठे शे, कोनी इज्जत काढासाठे नही. पाटीलले बसनं शे का? मंग नेई जा!"

त्यांनी दावं सोडून ओढलं. मोगरीनं चारी पाय रोवले. एक पुढून ओढतोय, दुसरा मागून ढकलतोय. मागच्याला लाथ बसली, पुढचा शेणात पडला. गल्ली हसायला लागली, आणि धिंडीचा सगळा जोर त्या हसण्यात गेला. अंधार पडायच्या आत त्या बाईला शिवेवर सोडून दिलं. चोरी खरी होती का, मला अजून माहीत नाही. कुंभारणीनं ते कधी विचारलं नाही.

पाटलानं तिची मडकी घेऊ नका म्हणून गावाला बजावलं. मी म्हणालो, "मावशी, एक शब्द माफीचा बोलून टाक."

"मोगरी मांगी तं मी बी मांगसू, भाऊ."

गावानं पाठ फिरवली. मग बाजाराच्या दिवशी डोंगरातल्या बायका बाकीच्या कुंभारांना ओलांडून तिच्या अंगणात येऊ लागल्या. तिची भट्टी विझली नाही.

काही वर्षांनी ती गेली. भाऊबंद कुणी पुढे येईनात. निरोप कुणी नेला कोण जाणे, डोंगरातली माणसं उतरून आली. त्यांनीच तिरडी बांधली. मीही खांदा दिला.

पाटलाच्या ओट्यापाशी आलो तेव्हा मागून चालणारी एक बाई थांबली. धिंडीतून वाचलेली तीच ती. तिनं ओट्यावर बसलेल्या एकेकाच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. खाली बघितलं ते त्यांनी. मग तिनं पुढे येऊन माझ्या पुढच्या माणसाला बाजूला केलं आणि तिरडीला स्वतःचा खांदा लावला.