फुकटचा रुपया आणि अडकलेलं बोट

हातातला चहा आधी खाली ठेवा, मग सांगतो. हा किस्सा ऐकताना एकाच्या नाकातून चहा आलाय, आणि तो माझा सख्खा मेहुणा होता!

तर मला एक खोड होती. रस्त्यात पडलेली चिल्लर शोधायची. कोल्हापुरात स्टँड असो, मंडई असो, माझी नजर कायम जमिनीवर. आणि सापडलेला रुपया घरी न्यायचा नाही, हा आपला नियम! त्याचे गरम फुटाणे घ्यायचे, रंकाळा तळ्याच्या काठावर बसायचं आणि एकेक दाणा तोंडात टाकायचा. पगाराच्या पैशाचे फुटाणे इतके खमंग लागतच नाहीत, खाऊन बघा.

गंमत म्हणजे माझं लग्न या खोडीवरच जमलं. सासरे आजऱ्याहून मला बघायला आले, तेव्हा मी मान खाली घालून रस्त्यानं येत होतो. ते एकदम खूश! "पोरगं मान वर करून बघत न्हाय, काय संस्कार!" हे त्यांनी सगळ्या आजऱ्यात सांगितलं. मी कशाला बोलतोय? जावयाचा मान फुकट मिळत होता.

तेव्हा मोबाईल अजून सगळ्यांच्या खिशात आले नव्हते. शाहूपुरीत बाळूच्या पानपट्टीबाहेर रुपया टाकून बोलायचा फोनचा डबा टांगलेला होता. फोन लागला नाही की रुपया खालच्या खाचेत परत पडायचा, आणि घाईतली माणसं तो तिथंच विसरायची. मी येता-जाता त्या खाचेत बोट फिरवून बघायचो. बघायला काय जातंय?

त्या दिवशी बोट घातलं, तर आत रुपया लागला! जरा वर, आडवा अडकलेला. ओढला, येईना. बोट आणखी आत रेटलं. मग रुपयाही येईना आणि बोटही येईना!

तेवढ्यात मागं एक मावशी येऊन उभी राहिली. आता काय करणार? मोकळ्या हातानं रिसीव्हर कानाला लावला आणि दिलं ठोकून, "हां मामा, नमस्कार! आजऱ्यात काय म्हणतंय? यंदा भात कसं हाय?"

मामा म्हणजे सासरे. पलीकडं अर्थातच कुणी नाही, नुसतं टूंऽऽ.

"पावणं, आवरा की," मावशी म्हणाली. "त्यो भात शिजला असंल आता."

"मामांना कमी ऐकू येतं ओ!"

रांग वाढत गेली. बाळूनं पानाला चुना लावता लावता मान बाहेर काढली. "ओ सायेब, ह्या डब्यातनं आजऱ्याला फोन लागत न्हाय. गावातल्या गावात लागतोय फक्त."

रांगेतला एक पैलवान म्हणाला, "आन् ह्यांनी रुपाया टाकलेला बी मी बघितला न्हाय."

सगळे पुढं सरकले. मग सगळ्यांची नजर माझ्या बोटावर!

"आयला! बोट घालून धरलं की फुकट लागतोय!"

झालं! कोण म्हणतंय बेळगावला लावा, कोण म्हणतंय पुण्याला. पैलवान तर माझा खांदा दाबून म्हणाला, "माझा भाऊ दुबईला असतोय. बोट जरा आनि आत घाला की!" बाळू आतून ओरडतोय, "माझा धंदा बुडवायलाय ह्यो माणूस!"

खरं सांगून टाकता आलं असतं. पण रुपया काढताना बोट अडकलं, हे भर शाहूपुरीत कुठल्या तोंडानं सांगायचं? मी आवाज चढवला. "व्हय मामा! काजू लई पाठवू नका, थोडंच पाठवा!"

"आणल्यात की," मागून आवाज आला.

वळून बघतो, तर सासरे! काखेत काजूची पिशवी. आम्ही घरी आहोत का, हे विचारायला फोनच्या रांगेत उभे!

"पावणं, मी हितं हाय. मग फोनवर कोन मामा हाय?"

"आता बोला!" मावशी म्हणाली.

काय बोलणार, कपाळ? रिसीव्हर ठेवला आणि पुटपुटलो, "बोट अडकलंय."

"कशापायी?"

"आत रुपया हाय म्हणून..."

तेलानं बोट सुटंल म्हणत शेजारच्या मिसळवाल्यानं वाटीभर कट आणून बोटावर ओतला. मिसळीचा कट, कोल्हापूरचा! सोलवटलेल्या बोटाला तो कसा झोंबला, ते मलाच माहीत. पैलवानानं मला कमरेला धरून हिसका दिला. बोट सुटलं, मी त्याच्या अंगावर, आणि पाठोपाठ टिणकन रुपया रस्त्यावर. तर मी काय करावं? बोटाकडं बघायचं सोडून पटकन रुपयावर पाय ठेवला!

सासरे माझ्या पायाकडं बघत राहिले. मग माझ्या खाली घातलेल्या मानेकडं. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते मला कळत होतं, आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं.

"पाय उचला," ते म्हणाले.

उचलला. त्यांनी रुपया धोतराला पुसला, डब्यात टाकला आणि सरळ माझ्या घरी फोन लावला. "सुमे, तुझा नवरा मान खाली घालून का चालतोय, ते आज कळालं बग!"

माझ्या बायकोचा आवाज तसा खणखणीत. अख्ख्या रांगेला ऐकू गेला. "आबा, मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं हुतं! देवळातनं येताना वाटलं, माझ्या जोडव्यांकडंच बघत्यात. तर वाकून चार आणे उचललं!"

रांग हसून हसून लोळायची बाकी राहिली. तेवढ्यात रुपयाची वेळ संपत आली आणि फोन पीं पीं करायला लागला. सासऱ्यांनी रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं, "पावणं, आनि एक रुपाया हाय काय?"

आणि काय सांगू तुम्हाला, कटानं माखलेलं ते लालबुंद बोट घेऊन मी परत त्या खाचेकडं वळलो!