फ्रिजमधले डॅफोडिल

भोपाळात डॅफोडिल फुलवायचे तर आधी कंदांना फसवावं लागतं. कागदी पिशवीत घालून कित्येक आठवडे फ्रिजमध्ये ठेवायचे, म्हणजे त्या बिचाऱ्यांना वाटतं आपण विलायतेत बर्फाखाली झोपलोय. मग कुंडीत लावायचे. माझे बुटक्या जातीचे होते, वीतभर उंचीचे. फुलं आली की मधमाश्यांची रांग पार पुढच्या मंडीदीप गावापर्यंत जाईल, असं मी मिसरोदच्या आमच्या कॉलनीत सांगूनही टाकलं होतं.

सगळ्यांना सांगितलं, आईला तेवढं नाही. कंद दिसायला थेट छोटे कांदे, आणि आईचा चातुर्मास चालू.

एका सकाळी मी दाढी करत असताना ती दारात येऊन उभी राहिली. "चार महिने दम निघत नाही का रे तुला? फ्रिजमध्ये कांदे लपवतोस? देऊन टाकले मघाशी शेजारच्या भाभींना. पोहे करतायत त्या."

डॅफोडिलचा कंद विषारी असतो. मी अर्ध्या गालावरच्या फेसासकट कुंपणावरून उडी मारली. कुंपण एरवी कमरेएवढं आहे, त्या दिवशी सात फूट होतं.

"भाभी, गॅस बंद कीजिए! जहर है!"

भाभी कढईतले पोहे परततच राहिल्या. "लो, आ गए भाईसाहब. नया किस्सा लेकर."

टेबलाशी त्यांचे यजमान बसलेले. हातात पोह्यांची बशी, वर शेव. "परसों शेर, आज जहर!" दोनच दिवसांपूर्वी मी त्यांना सांगितलं होतं, की केरव्याच्या जंगलातला वाघ माझ्या बागेत आला, पाणी प्यायला आणि जाताना नळ बंद करून गेला.

"प्याज नहीं है वो, फूल का कंद है. माँ कसम!"

"शेरवाली बात पर भी माँ की ही खाई थी," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघत, मुद्दाम सावकाश, चमचा तोंडात घातला.

मी बशी हिसकावली. कढई सिंकमध्ये उलटी केली. भाभी ओरडल्या, मग माझा चेहरा बघून त्यांनी गॅस बंद केला. यजमानांनी तोवर घास गिळला होता.

ते हसायचा प्रयत्न करत होते, पण हसू ओठांवरच अडलं. कपाळावर घाम आला. मग ते उठले आणि मोरीपर्यंत पोचायच्या आतच ओकले.

गाडी मी चालवली. मागच्या सीटवर भाभी त्यांचं डोकं धरून, दर वळणावर विचारत होत्या, "कुछ होगा तो नहीं ना?" मला एकही थाप सुचली नाही.

"काय खाल्लं?" डॉक्टरांनी विचारलं.

"डॅफोडिलचा कंद. एक घास."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. ते मला ओळखत नव्हते.

संध्याकाळी यजमान घरी आले, मऊ खिचडी मागण्याइतके बरे. न चिरलेले तीन कंद भाभींनी चिमट्यात धरून परत केले. ते मी कुंडीत लावले आणि संक्रांतीनंतर खरंच फुलले. आता यजमान आल्यागेल्याला त्या कुंडीपाशी आणतात आणि सांगतात, की याचेच कढईभर पोहे आपण एकट्याने पचवले. मी शेजारी उभा असतो. मान डोलावतो.