उजव्या दाराचा माणूस

तो कळंबोलीला ट्रक दुरुस्त करतो आणि दर रविवारी नवीन पनवेलला माझ्या अंगणात येतो. तिथे माझी जुनी अमेरिकन मोटार तीन वर्षं उभी आहे. लांबलचक बॉनेट, आठ सिलिंडरचं इंजिन आणि स्टिअरिंग डावीकडे. आल्या आल्या तो सवयीने उजवं दार उघडतो, बसतो, स्टिअरिंगसाठी हात पुढे करतो आणि ओशाळून उतरतो. दर रविवारी.

गाडीचे नट इंचातले, त्याचे पाने मिलिमीटरचे. म्हणून नट आणि पान्याच्या मधल्या फटीत तो करवतीच्या पात्याचा तुकडा सरकवतो. इंजिन सुरू होतं आणि तापलं की बंद पडतं. "होईल का रे हे कधी?" मी विचारतो.

"बगू, काका."

इतकंच. बायकोने तर आता विचारणंच सोडलंय.

परवा गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. आम्ही दोघांनी ती ढकलत मागे आणली. माझ्या कमरेत कळ आली. मी वैतागून म्हणालो, "पुरे झालं. भंगारात देऊन टाकू का?"

त्याने फडक्याला हात पुसले. ते काळेच राहिले.

"नाय," तो म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. मग तो उजव्या दाराने आत शिरला आणि बसला. या वेळी स्टिअरिंगसाठी हात पुढे केला नाही, की उतरला नाही. थोड्या वेळाने मी वळसा घालून गेलो, डावं दार उघडलं आणि स्टिअरिंगपाशी बसलो.