दुधाबरोबरची गोळी

मला एका जागी बसवत नसे, आणि एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षी तर मुळीच नाही. झाशीतल्या आमच्या कॉलेजात मी उंदरांवर काम करत होते. कंपवाताचं औषध बारीक नळीनं त्यांच्या पोटात सोडायचं, थोड्या-थोड्या वेळानं रक्ताचा थेंब घ्यायचा आणि आतड्यातून किती औषध आत गेलं ते मोजायचं. त्यावरून माणसाच्या आतड्याचा अंदाज बांधायचा.

विषय मी हट्टानं निवडला होता, कारण माझ्या वडिलांनाच कंपवात होता. कप हिंदकळतो म्हणून त्यांनी चार माणसांत चहा पिणं सोडलं, मग बाहेर जाणंच सोडलं. दतिया गेटच्या बाजारात रोज चक्कर मारणारा माणूस दिवसभर खिडकीशी बसून राहायचा. दोन वर्षं गोळ्या चालू होत्या आणि फरक म्हणाल तर नावालाही नव्हता. ते बघून माझा जीव नुसता तडफडायचा.

प्रयोगाआधी उंदरांना रात्रभर उपाशी ठेवायचं, फक्त पाणी द्यायचं, हा नियम. पहिल्या तुकडीचे आकडे सुरेख आले. दुसरीचे पार कोसळले. मी औषध पुन्हा कालवलं, यंत्र पुन्हा तपासलं, घरी येऊन सगळ्यांवर खेकसले. शेवटी एका सकाळी वेळेआधीच जाऊन बघते तर काय, पिंजरे सांभाळणारे भैया, गरौठ्याकडचे, मला बिन्नू म्हणजे ताई म्हणणारे पन्नाशीचे गृहस्थ, उंदरांना दूध-रोटी कुस्करून घालत होते.

"भैया, ये क्या कर रहे हैं आप?"

"बिन्नू, भूखे जीव खों सुई चुभाउतीं तुम. पाप लगत है."

पहिल्या तुकडीचे हाल त्यांना बघवले नव्हते, म्हणून दुसरीपासून हे सुरू झालं होतं. मी त्यांना नको नको ते बोलले. मग तणतणत टेबलाशी गेले आणि दोन्ही तुकड्यांचे आकडे शेजारी-शेजारी मांडले. एकीकडे उपाशी उंदीर, दुसरीकडे दूध प्यायलेले. आणि मला घरचा दुधाचा पेला आठवला.

आमच्या घरी रिकाम्या पोटी औषध कुणी घेत नाही. गरम पडतं म्हणतात. आई वडिलांना दिवसातून तीनदा गोळी द्यायची, ती पेलाभर आटवलेल्या दुधाबरोबर. दुधातली प्रथिनं पचली की त्यांचे कण आतड्याच्या ज्या दारानं आत शिरतात, हे औषधही त्याच दारानं जातं. दाराशी गर्दी झाली की औषध बाहेरच राहतं. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते! आणि त्याच पेल्यासमोर बसून मी रोज उंदरांची वही भरत होते. मला स्वतःची शरम वाटली, अजून वाटते.

दुपारीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी औषधाची जुनी पर्ची बघितली. त्यांनीच लिहिलं होतं, 'खाने से एक घंटा पहले.' "आप लोगों ने पढ़ा नहीं?" एवढंच म्हणाले.

आईला कसं सांगायचं? ते दूध ती स्वतः चुलीपाशी उभी राहून आटवायची, स्वतःच्या वाट्याचंही त्यात घालायची. मी दोन दिवस घरात येरझारा घातल्या. तिसऱ्या दिवशी त्याच गोळ्या दुसऱ्या बाटलीत भरल्या आणि तिला म्हटलं, "आई, गोळी बदलली आहे. ही पाण्याबरोबर द्यायची, जेवणाच्या तासभर आधी. दूध चालत नाही हिला."

हाताची थरथर पूर्ण थांबली नाही. पण महिन्याभरात वडील चप्पल घालून एकटे बाहेर पडले आणि टपरीवर, लोकांत उभे राहून चहा पिऊन आले. आई दारात रडत होती, हसत होती. मग एकाएकी संतापली.

"दोन वर्षं माणसानं खिडकीत बसून काढली गं. त्या मेल्या डॉक्टरला ही गोळी आधी नाही सुचली?"

डॉक्टरांचा काहीच दोष नव्हता. मी म्हटलं, "नाही सुचली, आई."